आप्पांच्या देवाची फुलं

माझे वडील रोज पहाटे लोकांच्या कुंपणातून फुलं तोडून आणायचे. आम्ही घरात त्याला 'फुलं आणणं' म्हणायचो. भोरात त्याला दुसरा शब्द होता, आणि तो शब्द मला पहिल्यांदा शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत, कुणी न उच्चारताच, कळला. पुढं उभ्या असलेल्या एका मुलीनं मागं वळून, अगदी गोड आवाजात सांगितलं, "शशे, तुझ्या आप्पांना म्हणावं, तगरीची चार फुलं झाडावर ठेवा. माझ्या आजीच्या देवालापण लागतात." आजूबाजूच्या मुली फिस्सकन हसल्या. प्रार्थना सुरू झाली, मी डोळे मिटले, ते राष्ट्रगीत संपेपर्यंत उघडलेच नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हा मी जेमतेम परकर सोडून स्कर्ट घालायला लागले होते.

आता गंमत बघा. हेच आप्पा तहसील कचेरीत कारकून होते आणि कुणाच्या कपभर चहालासुद्धा मिंधे नव्हते. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं ते उगाच नाही. एकदा वेल्ह्याकडचा कुणी शेतकरी, काम झालं म्हणून, आंबेमोहोराची पिशवी गुपचूप आमच्या ओट्यावर ठेवून गेला. आप्पा जेवायला बसले होते. ताटावरून उठले, उष्ट्या हातानं पिशवी उचलली आणि तरातरा एसटी स्टँडवर जाऊन, सुटायला आलेल्या गाडीत चढून त्या माणसाच्या मांडीवर ठेवून आले. परत आले तेव्हा भात गार झालेला. आई कुरकुरली, "आंबेमोहोर व्हता. वासावरनंच कळलं मला." आप्पा म्हणाले, "दुसऱ्याचा होता. मला वासावरूनच कळलं." असा माणूस. आणि तोच माणूस पहाटे हातात पितळी परडी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणाशी उभा राहायचा, ओठांत स्तोत्र पुटपुटत.

त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि ते ऐकलं की वाद घालणाऱ्याची बोलती बंद व्हायची. फूल देवाचं. झाड लावणारा निमित्तमात्र. शिवाय दुसऱ्याच्या फुलानं पूजा केली की निम्मं पुण्य झाडाच्या मालकाला जातं, हे शास्त्र आहे म्हणे. "म्हणजे बघ," ते मला समजावायचे, "तो मनुष्य अंथरुणात घोरत असतो आणि त्याच्या खात्यात पुण्य जमा होत असतं. यात कुणाचं काय गेलं? उलट उपकार आहेत." आणि विचारून का घेत नाही म्हटलं, तर म्हणायचे, "पहाटेच्या वेळी लोकांची झोपमोड करू? पापच की ते." आमच्याकडं ह्या शास्त्रावर विश्वास ठेवणारे ते एकटे नव्हते. त्या काळी भोरातले अर्धे देव शेजाऱ्यांच्या फुलांवरच पूजले जात होते. पण बाकीचे कडेकडेनं, गुपचूप न्यायचे. आप्पांची परडी मात्र भरगच्च असायची आणि ते ती उजाडता उजाडता भर रस्त्यानं, दोन्ही बाजूंच्या लोकांना नमस्कार करत घरी आणायचे. मला लाज वाटायची ती ह्या नमस्कारांची.

तर त्या दिवशी शाळेतून आले ती थेट मागं मोरीपाशी जाऊन बसले आणि रडले. आई मागच्या अंगणात शेवया वाळत घालत होती. माझी आई वेल्ह्याकडची, तोरण्याखालच्या एका वाडीतली. लग्न होऊन भोरात आली तरी तिची बोली काही शहाणी झाली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेवयांवरचे कावळे हाकलले आणि म्हणाली, "रडून काय व्हनार हाय? दारातच फुलं झाली तर लोकांच्या दारात जात्याल कशाला? लाव की तू झाडं. हितं मोरीचं पानी रोज वाया जातंय." मी नाक पुसलं. माझी बाग सुरू झाली ती अशी. हौस वगैरे काही नव्हती, बापाची अब्रू झाकायला म्हणून मी झाडं लावली.

आमच्या दोन खोल्या भाड्याच्या. मागं मोरी आणि भिंत यांच्यात लांबट पट्टी होती, सगळी मुरमाड. तिथं कुदळ मारली की ठिणगी उडायची. आई आणि मी आठवडाभर नदीकाठची माती पाट्यांनी आणून टाकली. पलीकडच्या गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, भाताच्या गिरणीतला कोंडा, सगळं त्यात गेलं. त्या गिरणीचा पट्टा दिवसभर फटफट वाजायचा, त्याच्या तालावर मी माती कालवायचे. फुटक्या बादल्या, तुपाचे रिकामे डबे, बूड गेलेली घागर, जे मिळेल त्यात काही ना काही लावलं. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून त्याचं बी टाकलं. अबोलीचं बी कुणी दिलं. कोरांटी आणि गुलबक्षी तर न लावताच आल्या. शेवंतीचे मुनवे, म्हणजे मुळाशी फुटलेले कोंब, आई माहेरून ओल्या फडक्यात बांधून एसटीनं घेऊन आली, आणि सगळ्या रस्त्यानं ते गाठोडं मांडीवर तान्ह्या पोरासारखं धरून बसली होती.

जास्वंदीच्या, तगरीच्या फांद्या मात्र मी स्वतः मागून आणल्या. मागून, हे सांगायला पाहिजे. चोरून आणलेली फांदी जास्त जगते असं सगळ्याच बायका म्हणतात, मला चार जणींनी तसा सल्लाही दिला, पण मी हट्टानं दारोदार जाऊन, "काकू, एक फांदी द्याल का?" असं विचारून आणल्या. एका काकूंनी फांदी देता देता विचारलंच, "कुणाची गं तू? भाऊसाहेबांची का? अस्सं." त्या 'अस्सं'मध्ये जे होतं ते गिळून मी घरी आले. फांद्या लावल्या आणि रोज सकाळी उपटून बघायला लागले, मुळं फुटली का म्हणून. पहिल्या खेपेच्या सगळ्या वाळल्या. आईच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "आगं बये, पोटुशी बाई काय पोट उघडून बघती व्हय? मुकाट ऱ्हा की जरा!" बागकामाचा एवढा मोठा धडा मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. आज माझ्या गच्चीवर ड्रममधून, पिंपांमधून झाडं आहेत, मोबाईलवर बागवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात रोज कुणीतरी घाबरून विचारतं की फांदी लावून चार दिवस झाले, कोंब का नाही. मी आईचं वाक्य लिहून टाकते. तरुण मुली हसण्याची चित्रं पाठवतात, पण एकीही फांदी उपटायची थांबत नसणार, मला खात्री आहे.

दुसऱ्या खेपेच्या फांद्या जगल्या. मग मावा पडला, पांढरा, कापसासारखा. त्यावर राख भुरभुरली, तंबाखूचं पाणी शिंपडलं. गुलाब मी जास्त पाणी घालून घालवला, मायेनं मारला म्हणा ना. मुंग्या, गोगलगायी, शेजारच्या कोंबड्या, सगळ्यांशी भांडले. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि आधी मागं जायचं. आतून नाचणीच्या भाकरीचा वास, हुलग्याच्या माडग्याचा वास, आईच्या हाका, "शशे, गिळायला ये आधी, झाडं कुठं पळत न्हाईत!" मला हलवायचं नाही. लाजेपोटी लावलेली ती झाडं कधी माझी झाली ते मला कळलंच नाही. फुलं येण्यापेक्षा कळी धरलेली बघण्यात जास्त सुख असतं, हे मला तिथं, मोरीच्या कडेला उकिडवं बसून कळलं.

आणि एका सकाळी पहिली जास्वंद उमलली. लाल, एकेरी, तळहाताएवढी. मी आप्पांना हाताला धरून मागं नेलं. ते चहाचा कप हातात घेऊन तिथं उभे राहिले ते चहा गार होईपर्यंत. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. मला वाटलं, झालं, सुटलो आपण. आप्पा म्हणाले, "वा! शशी, वा! हे बघ, तोडू नकोस हं. झाडावर किती शोभतंय." दुसऱ्या दिवशी पहाटे परडी उचलली आणि नेहमीसारखे बाहेर पडले. आई आणि मी दारातून एकमेकींकडं बघत राहिलो. घ्या! केलं काय आणि झालं काय! लेकीनं लावलेलं फूल तोडायला त्यांचा हात होईना, आणि देवाला तर फुलं हवीतच. माझी बाग जितकी फुलली तितके ते लांब लांब जायला लागले. जवळच्या लोकांनी कुंपणांना काटे लावले होते, म्हणून आता गावाबाहेर, उत्रोलीच्या बाजूला. जाताना रात्रीच्या भाकरीतला चतकोर रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात घालायचे. आई म्हणायची, वाटेत गाईला घालत असतील.

त्या उन्हाळ्यात आमच्या देवघरात अनंत यायला लागला. पांढरीशुभ्र, लोण्याच्या गोळ्यासारखी फुलं, आणि वास असा की दोन खोल्यांत मावायचा नाही. विमलताई, माझी थोरली बहीण, त्यातलं एक हळूच उचलून केसांत माळायची. तिला तेव्हा बघायला येत होते. येत होते आणि जात होते. एकांना उंची कमी वाटली, एकांना रंग, एकांनी तर काही कळवलंच नाही. ताई दर वेळी पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायची आणि दर वेळी आत आल्यावर थोडी आणखी गप्प व्हायची. मग आमच्या वेल्ह्याच्या मामानं एक स्थळ आणलं. मुलगा शाळेत मास्तर. बघायला आला त्या दिवशी आई घाईत पोह्यांत मीठ घालायलाच विसरली. सगळ्यांनी दोन घास खाऊन बशा खाली ठेवल्या. त्यानं शेवटच्या दाण्यापर्यंत संपवले आणि "छान झालेत" म्हणाला. तो गेल्यावर आईनं चव घेतली आणि किंचाळलीच. ताई मात्र हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती. रात्री अंथरुणावर मला म्हणाली, "शशे, हे जमलं नाही ना, तर मी परत ती बशी घेऊन बाहेर येणार नाही. सांगून ठेवते." ती उगाच बोलणारी नव्हती. त्यांच्याकडून होकार आला, आणि आता आमच्या बाजूनं घर बघायला जायचं तेवढं राहिलं.

घर उत्रोलीच्या वाटेवर होतं. आप्पा, आई, मामा आणि मी असे चौघं दुपार कलल्यावर निघालो. ताई अर्थातच घरी. मामा नवं धोतर नेसून आला होता आणि वाटभर बोलत होता. "दाजी, मानसं लई चांगली हायत. तुमी फकस्त बसा, बोलायचं ते मी बोलतो." मोठ्या रस्त्यानं, पुढच्या दारानं आत शिरलो. कौलारू, स्वच्छ घर, सारवलेली पडवी. मुलाच्या वडलांना सगळे नाना म्हणत, आईला माई. नाना मोकळेढाकळे, माई जरा करड्या. चहा, चिवडा, देणंघेणं काही नको, नारळ आणि मुलगी द्या, असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. आप्पा खुशीत होते. मी पहिल्यांदाच त्यांना परक्यांच्या घरात मोठ्यानं हसताना बघत होते.

मग माईंना कुणीतरी सांगितलं की धाकटीला बागेचा नाद आहे. त्यांचा चेहराच बदलला. "आहे का? मग चल, तुला माझी झाडं दाखवते. सगळेच चला." मागचं दार उघडलं आणि आधी वास आला. मी तो वास ओळखला. सकाळीच आमच्या देवघरात होता. मागं केवढी बाग, मोगरा, निशिगंध, तगर, आणि कुंपणाला लागून माणसाच्या उंचीचा अनंत. पलीकडं भातखाचरं, त्यातून गेलेली बांधावरची वाट. आप्पा त्या वाटेनं यायचे. रोज पहाटे, अंधारात, मागच्या बाजूनं. पुढून हे घर कसं दिसतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मी वळून बघितलं. आप्पा उंबऱ्यातच थबकले होते आणि त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, पुसायचं राहिल्यासारखं.

"हा माझा अनंत," माई सांगत होत्या. "पोटच्या पोरासारखा वाढवलाय. आणि काय सांगू बाई तुम्हाला, महिना झाला, कळी उमलली की पहाटे गायब! एक फूल माझ्या देवाला मिळत नाही. कोण मेला येतो कळत नाही. हात झडतील त्याचे! देवाच्या नावानं नेत असेल तर देवसुद्धा घेणार नाही असली फुलं." आई त्यांच्याकडं बघून "व्हय, व्हय" म्हणत होती, तिला बिचारीला काही पत्ताच नव्हता. मी मनात म्हणत होते, धरणीमाते, पोटात घे, नाहीतर ह्या बाईंचं तोंड तरी बंद कर. ताईचं हसणं डोळ्यापुढं येत होतं. कुणी काही बघितलेलं नव्हतं. पाच मिनिटं निभली की आम्ही पडवीत जाणार होतो, सुपारी फुटणार होती.

तेवढ्यात गोठ्याकडून आरडाओरडा झाला, "टिप्या सुटला, टिप्या सुटला!" आणि एक भलंमोठं काळं कुत्रं साखळी ओढत आमच्या अंगावर आलं. मामा एका उडीत मागच्या पायरीवर. नाना ओरडले, "हलू नका कुणी! परक्याला सोडत नाही तो!" टिप्या मामाकडं बघून गुरगुरला, आईच्या बाजूनं गेला आणि आप्पांपाशी पोचल्यावर त्याचं शेपूट जे हलायला लागलं! कुंई कुंई करत त्यांच्या पायांत लोळला, मग उठून समोर नीट बसला, पुढचा एक पाय वर केला आणि आप्पांच्या सदऱ्याच्या खिशाला नाक लावलं. रोज चतकोर भाकरी कुठल्या गाईच्या पोटात जात होती ते तेव्हा मला कळलं. आयुष्यात कुणाकडून दमडी न घेतलेला माझा बाप रोज एका कुत्र्याला लाच देत होता.

माई कुत्र्याकडं बघत होत्या, मग आप्पांकडं, मग अनंताकडं. मामाला काही कळलं असेल नसेल, पण तो हुशार माणूस, पायरीवरूनच म्हणाला, "आवो, आमच्या दाजींला जनावरं लई जीव लावत्यात. आमच्या वाडीतबी तसंच. मारका बैल असला तरी दाजींच्या म्होरं शेळी व्हतो!" नाना हसले. "असतो हो एकेकाचा हातगुण," म्हणाले. निभलं होतं. खरंच निभलं होतं. माईंनीसुद्धा मान हलवली आणि आत जायला वळल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"माई," आप्पा म्हणाले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "कुत्रं मला ओळखतं. तुमची फुलं मी नेतो. रोज येतो मी, त्या बांधावरून." थोडं थांबले आणि म्हणाले, "घर तुमचं आहे हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून चोरी कमी होत नाही. मुलीचा यात काही दोष नाही, तेवढं बघा." चोरी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. मामा कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "काय दाजी, काय हे!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. आप्पा ताठ उभे होते, पण मान खाली होती. त्यांची टोपी मला वरून दिसत नव्हती कधी, मी त्यांच्याहून बुटकी. त्या दिवशी दिसली.

मोडलं नाही. उगाच जीव टांगणीला लावत नाही, सांगून टाकते. नाना खो खो हसले, "अहो, देवालाच गेली ना, कुठं बाजारात गेली? एवढं खरं बोलणारा व्याही मला कुठं मिळणार?" म्हणाले आणि आप्पांच्या पाठीवर थाप मारून त्यांना पडवीत घेऊन गेले. सुपारी फुटली. पण निघताना माई आतून आल्या, हातात कर्दळीच्या पानाचा पुडा. त्यात नुकतीच उमललेली अनंताची फुलं. चारचौघांत, शांतपणानं, दोन्ही हातांनी तो पुडा त्यांनी आप्पांपुढं धरला आणि म्हणाल्या, "न्या देवाला. आता सोयरिक झाली, कधीही न्या. फक्त विचारून न्या हो, भाऊसाहेब." त्या आप्पांच्या तोंडावर थुंकल्या असत्या तर मला कमी लागलं असतं. आप्पांनी पुडा घेतला. परतीच्या वाटेवर तो त्यांनी छातीशी धरला होता आणि ते कुणालाच नमस्कार करत नव्हते. पुलावर थांबले, पुडा निरेच्या पाण्यात सोडला आणि आमच्यामागून चालत आले.

ताईचं लग्न छान झालं. संसार छान झाला. मिठाशिवायचे पोहे खाणारा माणूस शेवटपर्यंत तसाच राहिला. माईंनी मात्र ती गोष्ट कधी सोडली नाही. मुंजीत, बारशात, हळदीकुंकवात, नव्या माणसाला ती हसत हसत सांगायच्याच, आणि ताई हातातलं काम करता करता हसल्यासारखं करायची. ती माहेरी आली की आप्पा तिच्याशी बोलताना जमिनीकडं बघायचे. तिनं त्यांना एका शब्दानं कधी विचारलं नाही, आणि मला वाटतं, तिनं एकदा कडाकडा भांडून घेतलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून आप्पा पहाटे बाहेर पडले नाहीत. उठायचे नेहमीच्याच वेळी. आंघोळ करून देवापुढं बसायचे आणि नुसत्या अक्षता वाहायचे. इकडं माझी बाग अशी फुललेली की जास्वंदी भिंतीवरून पलीकडं वाकल्या होत्या, तगरीचा खाली सडा पडायचा. आई न राहवून म्हणायची, "आवो, दारात फुलं हायत, घ्या की चार." ते म्हणायचे, "ती शशीची आहेत." मी फुलं तोडून देवापुढं ठेवून बघितली. त्यांनी ती बाजूला सरकवली नाहीत, पण वाहिलीही नाहीत. संध्याकाळी तशीच सुकलेली उचलायला लागायची मला.

मग चतुर्थीच्या सकाळी मी पाणी घालत होते. मागं चाहूल लागली म्हणून वळले, तर आप्पा. हातात एक वाटी. बागेच्या कडेला आम्ही दगड लावले होते, त्यांच्या अलीकडंच थांबले होते. कचेरीत त्यांच्या टेबलासमोर खेड्यापाड्यातली माणसं ज्या आवाजात बोलायची, अगदी तो आवाज. म्हणाले, "शशी, एक जास्वंद घेऊ का? गणपतीला हवी होती. तुझी हरकत नसेल तर."

मी म्हटलं, "आप्पा, अहो विचारता काय? सगळी तुमचीच आहेत."

"नाही, विचारलेलं बरं," ते म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले. मी "घ्या" म्हणेपर्यंत हात पुढं केला नाही. घेतलं तेही एकच, खालच्या फांदीवरचं, पानाआडचं लहानसं.

फुलासाठी त्यांना कुणाच्या दारात जावं लागू नये, एवढ्यासाठी मी ती बाग लावली होती. पुढं मी बागेत असले की रोज ते असेच येत. माझं लग्न झाल्यावर माहेरी गेले की तेव्हाही. शेवटच्या आजारपणात चालवत नव्हतं तर खाटेवरून विचारायचे. मी "घ्या ना, आप्पा" म्हणायचे आणि झारी भरायच्या निमित्तानं पाठ फिरवायचे. माझा बाप स्वतःच्या दारात, स्वतःच्या लेकीपुढं, एका फुलासाठी हात पसरून उभा राहिलेला मला बघवायचा नाही.